भुवयांना मुदतवाढ

परक्या मुलखातून नोकरीसाठी आलेल्या इसमाने ठराविक काळाने आपला चेहरा सरकारला दाखवावा, असा आमच्या या समुद्रकाठच्या गावात नियम आहे. नियम साधा आहे. परवाना कार्यालयात एक यंत्र ठेवलेलं आहे. आपण त्याच्यासमोर उभं राहायचं, ते आपला जुना फोटो आपल्याशी ताडून पाहतं आणि मुदत वाढवून देतं. सूचनाफलकावर स्वच्छ लिहिलेलं आहे : 'अर्जदाराचा चेहरा अर्जदाराच्या चेहऱ्याशी जुळणे बंधनकारक आहे.' यात कोणी हरकत घ्यावी असं काही नाही.

आमच्या घरात नोकरी माझी, म्हणून परवानाही माझ्या नावावर. नवरा आणि मुलगी हे सरकारदरबारी माझे 'जोडपत्र एक' आणि 'जोडपत्र दोन'. मूळ कागद रद्द झाला की जोडपत्रं आपोआप रद्द. जोडपत्र दोनला रडतकढत का होईना, शाळेत एकदाची मैत्रीण मिळाली होती. जोडपत्र एकला इथली हवा मानवली होती, इतकी की त्याला पोट सुटलं होतं. म्हणजे आमच्या अख्ख्या संसाराचा भार माझ्या तोंडावर होता, आणि तोंडावर भुवया होत्या.

खरी गोची तिथेच होती. फोटोतल्या भुवया माझ्या माहेरच्या पार्लरवालीने कोरलेल्या, धनुष्यासारख्या. यंदा सुट्टी मिळाली नाही, माहेरी जाणं झालं नाही आणि त्या दोघी वाढत वाढत जाऊन नाकावर एकमेकींना भेटल्या. मी शहाण्या माणसासारखी आमच्या 'परदेशस्थ महिला मंडळा'च्या ग्रुपवर विचारलं, इथे आयब्रो कुठे चांगले होतात?

मंडळाच्या चिटणीसबाईंचं उत्तर मिनिटाच्या आत आलं. "अगं, 'मौन'ला जा! डोळे मिटून जा! मी तर दुसरीकडे पाऊलच टाकत नाही."

खाली अकरा बायकांनी अंगठे दाखवले. आता अकरा बायकांचं एखाद्या गोष्टीवर एकमत होतंय, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

'मौन' हा समुद्राकडे तोंड करून बसलेला स्पा होता. तिथल्या मुलीने मला काकडीचं पाणी दिलं, पाय टबात बुडवले, कपाळावर गरम दगड ठेवला आणि कुजबुजत विचारलं, "आज आपला संकल्प काय?"

"आयब्रो," मी म्हणाले.

"ते तर वरवरचं झालं. आतून काय सोडून द्यावंसं वाटतंय?"

मी आतून काहीच सोडायला तयार नाही असं पाहून तिने बाहेरून सोडवायला घेतलं. बासरी वाजत होती, दगडाने गुंगी आली होती. मेण खेचल्याचा चर्र आवाज तेवढा ऐकू आला. आरसा पाहिला तर डावी भुवई अर्धी होती आणि उजवी मुक्त झाली होती.

परवाना कार्यालयात यंत्राने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि लाल दिवा लावला.

"व्यक्ती आढळली नाही," अधिकाऱ्याने वाचून दाखवलं. "म्हणजे आज आपण आलेल्या नाहीत."

"अहो, मी तुमच्यासमोर उभी आहे!"

"ते मला दिसतंय. पण मी यंत्र नाही." त्याने माझ्याकडे खरोखरच कणवेने पाहिलं. "महिनाअखेरपर्यंत चेहरा घेऊन या. नाहीतर आपण गैरहजर ठरणार. गैरहजर ठरलात की परवाना रद्द, आणि मग कुटुंबासह देश सोडावा लागेल."

"जो माणूस हजरच नाही, तो देश कसा सोडणार?"

"त्याचा विभाग वेगळा आहे. वरच्या मजल्यावर."

घरी आले तर नवरा म्हणाला, "जोडपत्र एकने चहा टाकलाय." मला हसू आलं नाही. मुलगी तिच्या मैत्रिणीसाठी कागदाचं घर चिकटवत बसली होती.

मंडळात माझी बातमी पोचली आणि सगळ्यांनी अपार हळहळ व्यक्त केली. खजिनदारबाई तर घरी आल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "मौनला कोणी पाठवलं गं तुला? आगीतून उठून फुफाट्यात नको पडूस आता. त्या मोठ्या हॉटेलच्या तळघरात एक जण आहे, भुवई रंगवून देतो. रंग सहा आठवडे हलत नाही."

तो खरोखरच हलला नाही. तळघरवाल्याने मला दोन जाड, काळ्या, कपाळाच्या निम्म्यावर चढलेल्या भुवया दिल्या. त्यांमुळे मी कायमची दचकलेली आणि थोडी चिडलेली दिसू लागले. मुलीने दार उघडलं आणि म्हणाली, "आई, शप्पथ, मी काहीच केलं नाहीये."

यंत्राने मात्र या वेळी हिरवा दिवा लावला. मी देवाचे आभार मानणार, एवढ्यात अधिकारी म्हणाला, "व्यक्ती आढळली. पण हे मासेमारीच्या बोटीवरचे एक खलाशी आहेत."

"मग आता?"

"आता काय? त्यांना मुदत वाढवून मिळाली. त्यांना भेटलात तर कळवा, बिचारे खेटे घालून दमले होते."

महिनाअखेर तीन दिवसांवर आली. मंडळाची सभा होती, म्हणून गेले. अध्यक्षबाई 'परक्या गावात आपणच एकमेकींचा आधार' या विषयावर बोलत होत्या, आणि मी त्यांच्या भुवयांकडे पाहत होते. काय त्या भुवया! एक केस इकडचा तिकडे नाही. मग चिटणीसबाईंकडे पाहिलं, खजिनदारबाईंकडे पाहिलं. तिघींच्या भुवया एकाच हातच्या होत्या, आणि तो हात 'मौन'चा खासच नव्हता. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि मग अशी तिडीक गेली म्हणता!

सभा संपल्यावर मी अध्यक्षबाईंच्या मागावर निघाले. बाजार ओलांडून, बर्फाच्या कारखान्यामागून, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या लाकडी जिन्याने त्या वर गेल्या. मीही गेले. वर एक खोली, एक खुर्ची, आणि बाकावर ओळीने बसलेली मंडळाची अख्खी कार्यकारिणी. चिटणीसबाईंनी मासिकात तोंड खुपसलं. मासिक उलटं होतं.

खुर्चीमागच्या बाईने तोंडातला दोरा काढला आणि मला पाहून बोंबच ठोकली. "अगं बाई! हिच्या भुवया कोणी खाल्ल्या?"

बाईने नंबर वगैरे बाजूला सारून मला खुर्चीत ढकललं, तेलाने तो न हलणारा रंगही उतरवला, दोरा चालवला, जिथे केस नव्हते तिथे पेन्सिलीने एकेक केस काढला आणि तोंडाने सगळ्या स्पावाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. माझा चेहरा मला परत मिळाला. मला रडूच फुटलं.

जिन्यात मी अध्यक्षबाईंना गाठलं. "मुलांबाळांसकट हाकलतील आम्हाला, माहीत होतं ना तुम्हा सगळ्यांना? मग खोटं का सांगितलंत?"

"खोटं कुठे? मौन आहेच की." त्या शांतपणे म्हणाल्या. "हे बघ, बाई एक, खुर्ची एक. सगळ्या गावाला सांगितलं तर आपण काय वाढलेल्या भुवयांनी हिंडायचं? मलाही पहिल्यांदा कोणीतरी मौनलाच पाठवलं होतं. सहा महिने टोपी घालून फिरले." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तू शोधून काढलंस, म्हणजे तुझ्यात धमक आहे. आजपासून तू नवागत मार्गदर्शन समितीवर. आणि खुर्चीचा शुक्रवार तुझा."

परवाना वाढला. जोडपत्रं वाचली. मी ठरवलं, मी असली आपमतलबी होणार नाही. जी विचारील तिला खरा पत्ता देईन.

गेल्या आठवड्यात एक नवीन आलेली मुलगी आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. हातात जुना फोटो, डोळ्यांत पाणी, मुदत सोमवारची, मागे नवरा आणि दोन जुळी जोडपत्रं. "ताई, तुम्हीच सांगा, कुठे जाऊ?" मी तोंड उघडलं. पत्ता अगदी ओठावर होता. तेवढ्यात आठवलं, सोमवारच्या आधी खुर्चीचा फक्त शुक्रवारच उरतो, आणि शुक्रवार माझा.

"अगं, मौनला जा," मी म्हणाले. "डोळे मिटून जा." गॅसपाशी नवऱ्याच्या हातून चमचा पडला.

आता तुम्ही नाक मुरडलंत, ते मला इथून दिसतंय. मुरडा. पण तुमचा तो चांगला प्लंबर, वेळेवर येणारा? तुमच्या लेकीची ती गणिताची शिकवणी? शेजारणीने नंबर मागितला तेव्हा "अहो, ते हल्ली घेत नाहीत हो कोणाला" असं म्हणालात, ते कोणत्या समितीवर होतात म्हणून?

असो. परक्या गावात आपणच एकमेकांचा आधार. कधी आमच्याकडे समुद्रावर आलात, भुवया वाढल्या, तर संकोच करू नका, मला विचारा. समुद्राकडे तोंड करून एक फार छान जागा आहे. काकडीचं पाणीसुद्धा देतात.