कोनाड्यातले पाहुणे

त्र्यंबक गुरुजी दगडाला "या, बसा" म्हणत. गंमत म्हणून नव्हे. चष्मा काढून, हात जोडून, सोयऱ्याला म्हणावं तसं.

केळापूरकडच्या त्या शाळेत आम्ही दोघेच मास्तर. त्यांच्या वर्गात फळ्याशेजारी कोनाडा होता. दर गुरुवारी एका लेकराची पाळी. घरी ज्याच्यापुढे डोकं टेकवता ते आणायचं, त्याच्याबद्दल वर्गाला सांगायचं. मग आठवडाभर तो पाहुणा तिथंच. कोलामाच्या पोरानं शेंदूर लावलेला गोटा आणला, तांड्यावरच्यानं त्यांच्या देवळावरच्या पांढऱ्या झेंड्याची चिंधी, वाण्याच्या मुलानं कॅलेंडरवरची लक्ष्मी, खालच्या तारखांसकट. कोणी हसलं की गुरुजी कडाडत, "पाव्हण्याले हसतं का रे, बेशरम?"

स्वतःच्या घरी मात्र ते दिवाही लावत नसत. मी टोकलं तर म्हणत, "मले नाही लागत देव. लेकराइले लागते. शाळेत यायचं तर त्याइनं तो वेशीबाहेर ठेवून यायचा का?"

मग कौसल्येची पाळी आली. तिच्या बापानं, नामदेवनं, नागपूरला जाऊन बुद्धाचा धम्म घेतला होता. तिनं पिंपळाचं पान आणलं आणि सांगायला लागली, तोच शाळा समितीचे अध्यक्ष दारात.

गुरुजी त्यांनाही "या, बसा" म्हणाले. गोट्याला म्हणत त्याच सुरात. तेही झोंबलं असावं.

"गोटा चालला, मास्तर. हे नाही चालत," अध्यक्ष म्हणाले. "उद्या हे लोक आपल्याले शिकवतीन."

रविवारी गवंड्यानं कोनाडा बुजवला, पान आत असतानाच. अध्यक्षांनी गिलाव्यावर सरस्वतीची तसबीर टांगली आणि सर्व धर्म समान असल्याचं भाषण केलं.

"आमचं पान गाडलं, तिथं लेक नाही धाडत," नामदेव म्हणाला. कौसल्या शाळेत परत आली नाही. अध्यक्षांनी वर बोलून गुरुजींना उमरखेडला धाडलं. परवा ते तिकडेच वारले. आमच्या शोकसभेत अध्यक्ष छान गहिवरले.

बदलीच्या आदल्या संध्याकाळी गुरुजी मला घेऊन नामदेवच्या ओट्यावर जाऊन बसले होते.

"गुरुजी, वर्गभर लेकरं आहे तुमच्यापाशी," नामदेव म्हणाला. "हिच्याच मागं काहून?"

गुरुजींनी चष्मा काढला.

"तिचं सांगणं अर्धंच राह्यलं, नामदेवा. मले आयकाचं होतं. माह्या घरी सांगणारं कोणी नाही रे."

नामदेवनं आत पाहून हाक मारली. "कौसल्ये, ये इकडं. गुरुजीले सांग."