भोईरदादांची बंद खोकी

भोईरदादांच्या घरात शिरायचं तर आधी हात धुवावे लागत. पाय नाही. पाय चिखलाचे असले तरी चालत. दाराशीच बादली, साबण आणि टॉवेल. पहिल्या दिवशी मी सवयीनं पायांवर पाणी घेतलं, तर आतून ओरडले, "अगो पोरी, पाय कशाला? पायानं कोन खोका उचलतंय?"

कसला खोका, मला काही कळेना. मी नुकतीच परभणीकडून भिवंडीत आले होते. सातवीत शाळा सुटलेली, जवळच्या वडपे गावातल्या एका गोडाऊनमध्ये स्टिकर चिकटवायचं काम लागलेलं, आणि खोली हवी होती. आधीच्या घरमालकांनी जात विचारली, लग्नाचं विचारलं, एकानं तर रोज काय शिजवणार तेही विचारलं. भोईरदादांनी एकच विचारलं, "हाताला घाम येतो?"

मी मुळातच घाबरट. म्हटलं, "येतो."

त्यांनी माझे तळहात उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाले, "मंग खोली पाठल्या बाजूला हाय. चालंल."

दादा तिथलेच. वडिलांच्या भातशेतीवर गोडाऊनं उभी राहिली, त्या भाड्यावर दुमजली घर झालं, आणि त्या घरात दादा एकटे. लग्न का केलं नाही असं गावात कुणी विचारलं, तर म्हणत, "जागा कुठं हाय?"

जागा खरंच नव्हती. चारी भिंतींना फळ्या, आणि फळ्यांवर छतापर्यंत खोकी. कुठल्याशा जपानी व्हिडिओ गेमचे एकामागून एक भाग निघत होते, त्यातली पात्रं त्या खोक्यांत होती. कंदील धरलेला बेडूक, शिंगं असलेली बाई, एका डोळ्याचा शिपाई, पंखवाला म्हातारा. मी त्यांना बाहुल्या म्हटलं तेव्हा दादा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "फिगर म्हनतात. बाहुली लहान पोरांची असते."

खोकं मात्र एकही उघडलेलं नव्हतं.

"दादा, मग ते बघायचं कधी?"

"बघाचा कशाला? हाय ना आत."

"पण हातात घेतलं नाही तर..."

"खोका फुटला का सगला गेला."

मुंबईहून कॉलेजची पोरं मोटारसायकलवर नुसती ती खोकी बघायला येत. हात धुऊन, पाठीमागे बांधून, देवळात उभं राहावं तशी उभी राहत. एकानं शिंगवाली बाई विकत मागितली. दादा म्हणाले, "मानसा विकत न्हाय आमी," आणि त्याला चहा न देता वाटेला लावलं.

संध्याकाळी दादा टीव्हीसमोर बसून तो गेम खेळत. मला शेजारी बसवून समजावून सांगत. मी शिकायचा मनापासून प्रयत्न केला.

"ह्यो शिपाई आधी दुश्मन होता. तिसऱ्या भागात भाऊ निंगाला."

"मग आत्ता त्याला का मारताय?"

"ह्यो पयला भाग हाय गो! आता कुठं म्हायती हाय मला!"

"पण तुम्हाला माहीत आहे ना?"

"मला हाय. ह्याला न्हाय," असं म्हणून पडद्यावरच्या पोराकडे बोट दाखवत. माझं डोकं गरगरे. मधेच लोडशेडिंगनं लाइट जाई, आणि दादा अंगणात येऊन, गावात कुणी वारल्याची बातमी द्यावी तसं सांगत, "पंखवाला म्हातारा गेला. पुन्ना पयल्यापासना."

एक मात्र सांगते. गोडाऊनमध्ये मला जड खोकी उचलायला लावू लागले, तेव्हा सुपरवायझरला जाऊन भांडले ते दादाच. मला ताप आला तर रोज दाराशी पेज ठेवून जात. मी आभार मानले की वैतागत.

मग माझं लग्न ठरलं. गणेश तिथल्याच अंबाडी गावचा, टेम्पो चालवतो. वज्रेश्वरीला देवीच्या देवळापाशी हॉल घेतला. माझ्याकडून येणार फक्त आई, तीही एसटीनं, एका पिशवीनिशी. वडील नाहीत, तिला भाऊ नाही, मला बहीण नाही. गणेशची आत्या एकदा भेटायला आली आणि अगदी प्रेमानं म्हणाली, "रुखवत मांडशील ना गं? आमच्याकडं बायका आधी टेबल बघतात, मग नवरी." तेव्हापासून माझी झोप उडाली. माझ्या टेबलावर काय असणार? आईनं आणलेली शेवयांची पुडी?

दादांना आमंत्रण द्यायला गेले आणि तिथंच रडू फुटलं. ते गोंधळले. "रुखवत म्हंजे मांडाचाच ना? वापराचा न्हाय?"

"नाही. नुसतं मांडायचं. लोक येऊन बघतात, हात लावत नाहीत."

"मंग तर आपलाच काम हाय!" असं म्हणून ते आत गेले. मला वाटलं, चेष्टा करतायत.

लग्नाच्या सकाळी ते हॉलवर टेम्पो घेऊन हजर. आत खोकीच खोकी. आई दबकत म्हणाली, "ह्ये औषधाचं हाय का काय?"

दादा जमिनीवर कटर घेऊन बसले. पहिलं खोकं मांडीवर घेतलं, फिरवलं, परत फिरवलं. मी म्हटलं, "दादा, बंदच मांडा. चालेल."

"बंद दारातना पावना कसा दिसंल?" म्हणाले, आणि टेप कापली.

कंदीलवाला बेडूक बाहेर आला. त्यांनी तो तळहातावर तोलला आणि किती तरी वेळ तसेच बघत राहिले. "हलका हाय गो," म्हणाले. "मी समजलेलो, जड असंल."

टेबल भरलं. बायका जमल्या. आत्या चष्मा सारखा करून वाकली. "हे कोण?"

"मुलीकडची मानसा," दादा गंभीरपणे म्हणाले. "ही मावशी. जरा तापट हाय, पन मनानं चांगली. ह्यो आजा. ह्यो चुलता, आधी भांडन होता, आता मिटला."

"आणि हा बेडूक?"

"मामा."

आत्या हसू आवरत सगळ्यांना नमस्कार करत पुढे सरकली. तेवढ्यात गुरुजींनी माइकवरून हाक दिली, "मुलीचे मामा, मुलीला घेऊन या!"

बायकांनी बेडकाकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं. आई पदर सावरत दादांसमोर उभी राहिली.

"भाऊ, चला. तुमाला बलवायलेत."

दादा आधी मागे वळून बघू लागले, कुणाला म्हणतेय म्हणून. मागे कुणी नव्हतं. सगळ्या भागांतली सगळी नाती तोंडपाठ असलेला हा माणूस सदऱ्याची बटणं चाचपत माझ्याजवळ आला.

"कंच्या बाजूनं चालाचा असतो गो?" हळूच विचारलं.

मलाही माहीत नव्हतं. आम्ही तसेच निघालो.