स्वप्नातल्या भांडणाचा उतारा

पहाटे साडेपाचला शालिग्राम जुमडेंनी वहाबभाईंच्या कानाखाली एक वाजवली आणि ते स्वतःच जागे झाले. वहाबभाई म्हणजे बुलढाण्याच्या एका सरकारी कचेरीतले हेडक्लार्क, आणि शालिग्राम तिथल्याच रेकॉर्डरूममध्ये एकटे बसणारे कारकून. बावीस वर्षांत दोघांचं भांडण सोडा, धड गप्पाही झाल्या नव्हत्या. स्वप्नात मात्र वहाबभाईंनी खुर्ची ओढून नेली, एवढ्यावरून महाभारत झालं.

पहाटेचं स्वप्न खरं होतं म्हणतात. हेडक्लार्कला मारल्यावर नोकरी कसली राहते? शालिग्रामनी घाबरून जानेफळला थोरल्या बहिणीला, कौशल्याबाईला फोन लावला.

"काही नाही होत," बाई म्हणाली. "ज्याच्याशी सपनात भांडला, त्याच्या डब्यातला एक घास खाय लागते. भांडण पोटातच जिरते."

"अन् नाही खाल्ला त?"

"त खरोखर भांडशीन!"

शालिग्रामची बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगी समीक्षा लग्न होऊन पुण्याला. डब्यात रोज खिचडी, आणि ती खायची फायलींच्या गठ्ठ्यांत बसून. त्या दुपारी ते डबा खायच्या वेळी पहिल्यांदा कचेरीच्या हॉलमध्ये गेले. तिथं टेबलं जोडून सगळी मंडळी जेवत होती.

"वहाबभाई, एक घास देता काय? सपनात तुमाले मारलं मी."

"काऊन भाऊ? मी का केलं होतं?"

"खुर्ची नेली माही."

सगळे खो खो हसले. वहाबभाईंनी अख्खा आलूचा पराठा पुढं केला आणि शेजारची खुर्ची ओढली. "घ्या, परत आणली तुमची खुर्ची. बसा."

शालिग्राम बसले. कितीतरी दिवसांनी त्यांना कोणीतरी बसा म्हणालं होतं.

दुसऱ्या पहाटे स्वप्न पडलं नाही. पण खिचडी काही घशाखाली उतरेना. मग त्यांनी हॉलमध्ये जाऊन तिथल्या शेखरला सांगितलं, की आज पहाटे स्वप्नात तुमच्याशी जुंपली होती. वांग्याची भाजी मिळाली. बुधवारी राबियामॅडमशी कडाक्याचं भांडण, शेवयांसह. गुरुवारी शिपाई पंजाबराव रुसला.

"माह्याशी काऊन नाही भांडत? मी का मानूस नाही?"

त्याच्याशी शुक्रवारी भांडावं लागलं. शनिवार-रविवार सुट्टी, म्हणून स्वप्नांनाही सुट्टी. पण तोवर बातमी साहेबांपर्यंत पोचली होती आणि वाटेत तिच्यातलं स्वप्न गळून पडलं होतं. सोमवारी शालिग्रामच्या हातात नोटीस पडली : आपण रोज एका कर्मचाऱ्याशी भांडता असे कळते, खुलासा करावा.

साहेब नाशिकहून बदलून आलेले, बिऱ्हाड तिकडेच. केबिनमध्ये टेबलावर मेसचा डबा अर्धवट खाऊन ठेवलेला होता.

"एका आठवड्यात चौघांशी भांडलात?"

"सपनात, साहेब." मग शालिग्रामनी सगळं सांगून टाकलं. "पहिलं खरं होतं. बाकीचे तीन मीच रचले."

"कशासाठी?"

"एकट्याले जेवन जात नाही, साहेब."

साहेबांनी टेबलावरच्या अर्धवट डब्याला झाकण लावलं. नोटिशीवर 'खुलासा मान्य' असं लिहिलं आणि म्हणाले, "स्वप्नांचं हे प्रकरण आता बंद करा."

हॉलमध्ये जाऊ नका, असं कोणी म्हटलं नव्हतं. पण भांडणाशिवाय जायचं तरी कोणत्या तोंडानं? मंगळवारी शालिग्रामनी पुन्हा गठ्ठ्यांत बसून डबा उघडला. पहिला घास घेणार तेवढ्यात दार लोटून साहेब आत आले.

"जुमडे, आज पहाटे तुम्ही मला फार बोललात."

शालिग्राम ताडकन उठले. "मी? काऊन, साहेब?"

साहेब आठवू लागले. छताकडे पाहिलं, गठ्ठ्यांकडे पाहिलं. "खुर्ची," ते शेवटी म्हणाले. "मी तुमची खुर्ची ओढून नेली."

रचलेलं स्वप्न शालिग्रामना लांबूनही ओळखता येत होतं, आणि ही तर त्यांच्याच स्वप्नाची नक्कल होती. त्यांनी आपली खुर्ची साहेबांना दिली, स्वतः गठ्ठ्यावर बसले आणि डबा पुढं सरकवला.

घास एकच घ्यायचा असतो. साहेबांनी निम्मा डबा संपवला.

"मीठ कमी आहे हो, जुमडे."

शालिग्रामचे डोळे भरून आले. तीन वर्षांत त्यांच्या खिचडीला कोणी नावं ठेवली नव्हती.