दामूभावजींचा वालाचा टोप

आमचे दामूभावजी कुणाच्याही घरी गेले की देवाला नमस्कार करायच्या आधी कचऱ्याची बादली बघतात. चष्मा कपाळावर चढवून, वाकून, डॉक्टर घसा बघतो तशी. मग बादलीतून मुळ्याचा पाला, दुधीची सालं, कोथिंबिरीच्या काड्या एकेक बाहेर येतात आणि घरच्या बाईची हजेरी सुरू होते.

"ह्यो पाला कोनी टाकला? मुळा म्हंजे नुसतं पानी. ताकद पाल्यात व्हती. ती बादलीला खाऊ घातलीस. आता बादली पैलवान व्हनार आन तू गोळ्या खानार."

बाई लाजते, चिडते, पदर खोचून भांडायला उभी राहते. भावजी ऐकत नाहीत. सगळं गोळा करून घरी नेतात, धुतात, तीळ घालून परततात आणि संध्याकाळी वाटी घेऊन त्याच दारात हजर. "घे. तुझ्या कचऱ्याची चटनी." वाटी चाटूनपुसून परत जाते, पण कबूल कुणी करत नाही.

दामूभावजी म्हणजे माझे धाकटे दीर. भिवंडीच्या बाहेर, राहनाळच्या अंगाला आमचं गाव. त्यांच्या आणि माझ्या ओट्यात एक भिंत, त्यामुळे माझी बादली रोज तपासली जाते. मी मध्यंतरी हुशारी केली. पुढच्या दारी एक दाखवायची बादली ठेवली, आत नुसती कांद्याची टरफलं. खरी बादली मागल्या दारी. चार दिवस सुखात गेले. पाचव्या दिवशी मागून आवाज आला, "वयनी, दोन नंबरचा धंदा कधीपासून चालू केलास?"

खरं तर भाजीपाल्यावरून हसायचा मला अधिकार नाही. नवी नवरी असताना मी मोठी शहाणी होते. हिरवी भाजी म्हणजे गरिबाची खूण, असं माझं ठाम मत. एकदा माहेरची माणसं अचानक आली आणि चुलीवर अंबाडीची भाजी. मी टोप उचलून पलंगाखाली सरकवला आणि पाहुण्यांपुढे बिस्किटांची बशी ठेवली. पण अंबाडीचा वास थोडाच पलंगाखाली बसून राहतो? मावशी म्हणाली, "कुठंतरी अंबाडी शिजलीय बघ." मी म्हटलं, "शेजारणीकडे असेल." तेव्हा भावजी शाळकरी होते. पलंगाखाली डोकं घालून त्यांनी विचारलं, "वयनी, तुझी शेजारीन हितं ऱ्हाते काय?" मावशीनं मग त्या भाजीचा टोप रिकामा केला आणि मी कोपऱ्यात बिस्किटं खात बसले.

पण गंमत पुढे आहे. हेच भावजी मोठे होऊन पंचक्रोशीतले मटणाचे आचारी झाले. आम्ही आगरी माणसं. आमच्याकडे हळदीला मटण आणि वडे नसले तर लोक नवरीपेक्षा जास्त रडतात. आणि मटण दामूचं असलं तर मानकोलीपासून माणसं न बोलावता येत. भावजी पैसा घेत नसत. टोपाचं झाकण काढल्यावर मांडवभर जो "हां" निघे, तीच त्यांची मजुरी.

आणि एक दिवस त्यांनी ते सगळं सोडलं. शिजवणं सोडलं, खाणंही सोडलं. गावानं कारणं शोधली. कुणी विचारलं, "माळ घातली काय?" ते गळा उघडा करून दाखवत. "डॉक्टरनी सांगितलं?" ते म्हणत, "डॉक्टर माझ्याकडं येतो सल्ल्याला." त्याच सुमारास सुमन, त्यांची बायको, गेली होती. म्हणून एकानं हळूच विचारलं, "वैराग्य आलं का रे?" भावजी म्हणाले, "वैराग्य आलेला मानूस फनसाच्या भाजीला दोनदा फोडनी देतो काय?"

फणस, शेवगा, वाल, नाचणी, टाकळा. त्यांचं घर मसाल्यानं दरवळायचं तसंच दरवळत राहिलं, आत काय शिजतंय ते मात्र बदललं. एकानं सुचवलं, "फणस मटणासारखाच कापा, लोकांना कळनार पन न्हाय." भावजी उखडले. "फनस फनसासारखाच दिसंल. त्यानं कोनाचं काय चोरलंय, तोंड लपवाला?"

आता यंदाची गोष्ट. माझ्या नातीचं लग्न ठरलं. सासरा जनार्दनशेठ, दोन गोदामांचा मालक, गळ्यात माझ्या करंगळीएवढी साखळी. हळदीचं मटण एका कंत्राटदाराला दिलं. भावजी माझ्या मुलाला म्हणाले, "तुमचं तुम्ही करा. माझा एक टोप ऱ्हाईल. वालाचं बिरडं."

मुलगा वैतागला. "काका, हळदीत वाल कोन खानार?"

"खानारे खातील."

भावजींनी वाल भिजवले, फडक्यात बांधून मोड काढले आणि दोन दिवस ओट्यावर बसून कोमट पाण्यात एकेक सोलला. गोदामाच्या शिफ्टला जाणारी पोरं चिडवत, "काका, ड्युटी लागली काय?" काका मान वर न करता म्हणत, "हाव. परमनंट."

हळदीच्या दिवशी मांडवात मटणाच्या टोपांच्या रांगेत शेवटी भावजींचा टोप आणि शेजारी डाव घेऊन भावजी. पुरुषांची पहिली पंगत बसली आणि मजा सुरू झाली. आमच्या गावात शेतं गेली, गोदामं आली. भाडं यायला लागलं तसं चालणं थांबलं आणि घरोघरी शुगर आली. तोंडानं मटण मागणारे एकेक करून टोपाकडे सरकायला लागले. "दामू, वाईच वाल दे. गोळी चालू हाय." "काका, बायकोला सांगू नका, पन प्रेशर हाय."

भावजी सगळ्यांना एकच सांगत. "आता न्हाय. शेवटच्या पंगतीला."

मग खुद्द जनार्दनशेठ उठले. उष्टी हळद घेऊन आलेले, मानाचे पाहुणे. त्यांच्या छातीत मागच्या वर्षी काहीतरी बसवलं होतं, हे विहीणबाईंनी माझ्या कानात सांगितलं होतं. शेठनं सगळ्यांदेखत ताट पुढं केलं. "वाढा."

"शेवटच्या पंगतीला," भावजी म्हणाले.

गाणं चालू होतं, तरी मांडवातल्या सगळ्या माना त्या टोपाकडे वळल्या. शेठचे कान तांबडे झाले. माझा मुलगा धावत माझ्याकडे आला. "आई, काकांना समजव. शेठ उठून गेले तर पोरीचं काय?" नात हळदीनं माखलेली, आत पाटावर बसलेली, आणि तिचा संसार एका वालाच्या टोपावर अडलेला.

मी गेले. दातओठ खाऊन हळू आवाजात म्हटलं, "भावजी, द्या त्यांना. पोरीकडं बघा."

"पोरीकडंच बघतोय," ते म्हणाले. "वयनी, वडे कोनी थापलेत सकाळपासून?"

"आम्ही. बायकांनी."

"तुम्ही जेवाला कधी बसनार? सगळे उठल्यावर. तवा तुम्हाला काय ऱ्हातं? रस्सा आन हाडं. मी इतकी वर्सं टोपाशी उभा. तळ मलाच दिसायचा. पन तळाचं कोन जेवतं ते मी बघितलं न्हाय."

मग त्यांनी डाव दुसऱ्या हातात घेतला आणि माझ्याकडे न बघता बोलले. "सुमन आजारी व्हती तवा बोलली, मटन नको, मना वालाचं बिरडं कर. आन मना येत नव्हतं. आख्ख्या गावाला जेवू घातलं, तिला आवडतं ते करता येत नव्हतं. शिकलो. पन तवर तिचं जेवन सुटलं व्हतं."

मी त्यांना समजवायला गेले होते. पण का कोण जाणे, वळून त्यांच्या शेजारीच उभी राहिले, कमरेवर हात ठेवून. मुलगा दुरून खुणा करत होता. मी त्याच्याकडे बघितलंच नाही.

"शेठ," मी म्हटलं, "टोप आता उघडनार न्हाय. वाल हवे तर आमच्या पंगतीला बसा. बायकांच्या."

शेठ बायकोकडे बघायला लागले. विहीणबाई खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाल्या, "बसा की. घरी तरी कधी माझ्यासंगती बसता?" बायका हसल्या. शेठनं ताट खाली ठेवलं, साखळी सारखी केली आणि बायकोच्या शेजारी खुर्ची ओढली.

शेवटची पंगत बसली तेव्हा ऊन उतरलं होतं. भावजींनी झाकण काढलं. वाफ निघाली, ओल्या खोबऱ्याचा आणि कोकमाचा वास सुटला. वडे नव्यानं तळलेले, तेही कंत्राटदाराच्या माणसांकडून, भावजींच्या दमदाटीनं. बायकांना गरम जेवायची सवय नाही, जिभा भाजल्या. शेठ रांगेच्या टोकाला बसले होते, आणि त्यांच्यापर्यंत टोप यायला बराच वेळ लागला. ते आपली पाळी येईपर्यंत थांबले.

भावजी प्रत्येकीपुढे वाकून विचारत होते, "पोट भरलं?" मांडवात बायकांना हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. त्या नुसत्या माना हलवत आणि ते पुढच्या पानाकडे सरकत. माझ्याकडे आले तेव्हा टोपात अजून डावभर शिल्लक होतं.

"वयनी, पोट भरलं?"

गळ्यापर्यंत जेवले होते मी. पण त्यांचा डाव भरलेला होता आणि डोळेही.

"न्हाय भरलं," मी म्हटलं आणि पान पुढे केलं.