गाड्यांखालची शेती

बहरीनला, मनामा शहरात आमच्या इमारतीमागे वाळूचं मोकळं मैदान आहे. तिथे गाड्या लागतात. इब्राहिमभाईंच्या मते तिथे शेती आहे.

"त्या पांढऱ्या गाडीखाली यंदा वाल," ते मला सांगतात. "पिकअपखाली नाचणी. जपून चाल, बांध आहे."

भाई साठीला आलेले, हिद्दच्या एका गोदामात कारकून. रायगडात आमचं गाव एक, शेतंही लागून. माझं वर, त्यांचं खाली. त्यांचे चार तुकडे विधवा बहीण आमिना कसते. भाई इथे रोज संध्याकाळी चार दगड मांडून त्याच तुकड्यांवर पिकांची फेरपालट करतात. दगड हलला की पीक बदललं.

एकदा पिकअपमधून ऑइल गळताना दिसलं, तर यांनी खाली पत्र्याचा ट्रे सरकवला. मल्याळी ड्रायव्हर बघत राहिला. "सेंद्रिय जमीन है," भाईंनी त्याला समजावलं. "केमिकल मफी, बिलकुल नहीं." दुसऱ्या दिवसापासून तो गाडी लांब लावू लागला. भाई मला म्हणाले, "बघ, याला कळलं. तुम्हा अकाउंटंट लोकांनाच वेळ लागतो."

गावचा गट सरकारच्या सेंद्रिय योजनेत आहे. तीन वर्षं रासायनिक काही टाकायचं नाही, फेरपालट मोडायची नाही, गटातल्यांनी एकमेकांची शेतं तपासायची. त्या बदल्यात दरवर्षी अनुदानाचा हप्ता. आमिनाचं घर बरंचसं त्यावर चालायचं. भाईंच्या आग्रहाने गटात मीही शिरलो होतो.

दमट संध्याकाळी दिवे लागता लागता समुद्राकडून वारा यायचा. भाई हळू आवाजात लोंबीत दूध भरल्याचं सांगायचे, आणि गाड्या विरघळून त्या वाळूत मला खरंच भात डोलताना दिसायचं.

आता सांगून टाकतो. दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात माझ्या शेतावरच्या माणसाचा फोन आला. तण आवरत नव्हतं, मजूर मिळत नव्हते. मी ऑफिसात घाईत होतो. म्हटलं, "मार तणनाशक. कोण बघतंय."

माझ्या शेतातलं पाणी भाईंच्या भातात उतरतं, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. तपासणीला नमुना गेला तो नेमका त्यांच्या भाताचा. त्यात औषधाचा अंश सापडला. आमिनाचं नाव गटातून निघालं, हप्ता थांबला. माझं नाव राहिलं.

वर्षभर मी रोज खाली जात होतो आणि गप्प होतो. गेल्या शुक्रवारी भाई दगड हलवत असताना बोलून टाकलं.

ते वाकलेलेच राहिले. "माहीत आहे," म्हणाले. "तुझा बांध पिवळा पडलेला आमिनाने तेव्हाच पाहिला होता. मीच तिला गप्प बसवलं. हप्त्याएवढं मी पगारातून पाठवतो."

"मग मला का नाही बोललात?"

"बोललो असतो तर तू तोंड लपवलं असतंस. मग मी इथे वालाबद्दल कुणाशी बोलू? मुलगा फोनवर 'ओके अब्बा' म्हणतो. खलास."

मी खिशातून फोन काढला, गटप्रमुखांचा नंबर लावला.

"तुझंही नाव जाईल," भाई म्हणाले.

"जाऊ दे."

"बोल मग. मी काही ऐकत नाही." त्यांनी पाठ फिरवली, पण माझं मनगट हातात धरून. पलीकडून 'हॅलो' आलं तरी सोडलं नाही.