जोड्यानं वापस आणजो

आमच्या देवरावकाकांपुढे समोशाची प्लेट ठेवली की ते बंडीचे चारही खिसे चाचपतात आणि विचारतात, "कोन्त्यानं कापू?"

कारण समोशाचा चाकू वेगळा, पेरूचा वेगळा. संत्र्याला चाकू लागतच नाही, पण त्याचाही एक आहे. कुणी पेरूला नुसतं तोंड लावलं तरी काकांचा जीव कासावीस होतो. "दातानं तं बकरीबी तोडते बाई. मानसाले देवानं हात कायले देले?"

काका आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. एकटेच. उभा जन्म संत्र्याची कलमं बांधण्यात गेला, तिथंच हा नाद लागला. अंजनगावच्या बाजारातून, कुठकुठल्या यात्रांमधून जमवलेले घडीचे चाकू खोबरेल तेल लावून, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून पेटीत निजवलेले असतात. सकाळी त्यातले कोणते चार सोबत न्यायचे हे ठरेपर्यंत माझा दोन वेळचा स्वयंपाक उरकतो. शिवाय नियम! चाकू हातात द्यायचा नाही. खाली ठेवायचा, दुसऱ्यानं उचलायचा. हातोहात दिला की भांडण होतं म्हणे. एकदा मी घाईत हात पुढे केला, तर म्हणाले, "काहून वं बाई, माह्याशी भांडाले आली का?"

माहेरच्या शेताच्या कामात साक्षीदार म्हणून मी त्यांना एकदा अकोल्याच्या कोर्टात नेलं. दारावरच्या यंत्रानं बोंब ठोकली. पोलिसानं खिसे रिकामे करायला सांगितलं, तर काकांनी एकेक चाकू टेबलावर मांडून प्रत्येकाची ओळख करून दिली.

"बाबा, इतके चाकू कायले लागतात?"

"मंग एकानंच समदं कापू? तुमी लग्नाले अन् संडासले एकच चप्पल घालून जाता का?"

तो बिचारा आपल्या बुटांकडे बघत राहिला. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण गल्लीतल्या लग्नात काकांशिवाय पान हलत नाही. हळद लागलेल्या नवरदेवानं लोखंडाशिवाय फिरू नये, म्हणून आमच्याकडे त्याच्या हाती चाकू देतात, टोकाला लिंबू खोचतात. तो चाकू काकांचाच. पोरगं पाहून निवडतात. "हा भेदरट हाये. याले लहान पात्याचा दे. मोठा देला तं सोताच बेशुद्ध पडीन." अट एकच, "जोड्यानं वापस आणजो," म्हणजे नवराबायकोनं मिळून. नवी जोडी आली, चाकू पाटावर ठेवला, की काका संत्रं सोलून दोघांना अर्धं अर्धं देतात आणि दिवसभर खुशीत असतात.

फक्त पितळी मुठीचा एक चाकू ते कुणालाच देत नसत. आणि आमच्या मुक्तानं नेमका त्याचाच हट्ट धरला.

मुक्ता माझी लेक. काकांनी कापलेले पेरू खाऊन वाढलेली. लग्न ठरलं तशी त्यांच्यापुढे जाऊन बसली. "काका, मले पितळी पाहिजे."

"तुले? चाकू नवरदेवाचा रायते."

"मले काय हळद लागनार नाई?"

काकांनी पेटी तिच्यापुढे सरकवली. मग म्हणाले, "दुसरा ने. सारी पेटी तुही."

"पितळीच."

कार्टी माझ्यावरच गेली आहे. मी डाफरले, "मुक्ते, सोड म्हाताऱ्याचा पिच्छा."

"थो माहा नाई, पोरी," काका म्हणाले.

चाकू तेल्हाऱ्याच्या त्यांच्या मामांचा. काकांना हळद लागली तेव्हा मामांनी तो दिला होता, 'जोड्यानं वापस आणजो देवा,' म्हणून. दुसऱ्या दिवशी वऱ्हाड निघायच्या आधीच नवरीकडचा निरोप आला. लग्न मोडलं. का मोडलं ते कुणी सांगितलं नाही, आणि काकांनी पुन्हा बोहल्याचं नाव काढलं नाही.

"एकट्यानं कसा वापस करू? मामा वाट पाहू पाहू मेले. अन् मी अजून लोकाचा चाकू घेऊन फिरून राह्यलो."

मला वाटायचं, चाकू हरवू नये म्हणून म्हाताऱ्यानं ती जोडीची अट घातली असेल.

मुक्ता मात्र जागची हलली नाही. "मंग तं मीच नेते. जोड्यानं आनून देते. मामाले जोडी पाहिजे होती ना? कोनाची का असंना!"

काकांनी पितळी मूठ फडक्यानं पुसली. मग त्यांनी चाकू हळूच फरशीवर ठेवला आणि मुक्तानं उचलला.

लग्न झालं. जोडी यायची त्या दिवशी काका सकाळपासून इस्त्रीचा सदरा घालून दारात. पाट मांडलेला, संत्री धुतलेली. मी म्हटलं, चहा तरी घ्या, तर म्हणे, "येऊ दे आधी त्यायले." पोरं येईपर्यंत माझाच जीव टांगणीला लागला.

आमचे जावई पुण्याचे. मुक्तानं त्यांना सगळं पढवून आणलं होतं, पण ऐन वेळी गडी गडबडला. दोन्ही हातांनी चाकू थेट काकांपुढे धरला, "घ्या काका."

"अहो, खाली ठेवा, खाली!" मी ओरडले.

पण काकांनी तो हातातच घेतला. जन्मभर पाळलेला नियम, आणि त्यांना भानच नव्हतं! चाकू कपाळाला लावला. "मामा, आला बरं तुमचा चाकू. जोड्यानं आला." मग इस्त्रीच्या बाहीनं डोळे पुसले. मीही पदर तोंडाला लावला, खोटं कशाला बोलू?

मुक्तानंच वातावरण सावरलं. "काका, हातात घेतला तुमी! आता आपलं भांडन होईन."

"होऊ दे," काका संत्रं सोलता सोलता म्हणाले. "भांडाले तं येत जाजा दोघं."