पिवळ्या पानांवर तीन उपाय

२०२२ सालचा जानेवारी, कॅनबेरातला ऐन उन्हाळा. माझी बायको ग्लेनिस हिच्या कुंडीतल्या गांजाची खालची पानं पिवळी पडली आणि मी लक्ष घालायचं ठरवलं. (तिथेच चुकलं.)

झाड कायदेशीर होतं; कॅनबेरात घरापुरती दोन-चार झाडं लावता येतात. संधिवातानं ग्लेनिसची बोटं इतकी सुजत, की मुरंब्याच्या बरणीचं झाकणही मलाच उघडावं लागे. फुलांचं तेल काढून ती बोटांना चोळणार होती. झाड गेलं की हिवाळाभर कण्हणं आलं.

पिवळं पान म्हणजे झाड उपाशी, एवढं मला कळतं. आमच्या गल्लीत प्रत्येक पुरुष संध्याकाळी आपापल्या परसातल्या लिंबोणीच्या बुंध्याशी लघवी करतो. तेच तिचं खत. माझी लिंबोणी वर्षानुवर्षं त्यावरच पोसलेली. मी जागा बदलली. कुंडीपाशी उभा राहू लागलो.

आठवड्यात पानांची टोकं करपली आणि पक्ष्याच्या नखांसारखी आत वळली.

शेजारचा नेव्हिल कुंपणावरून डोकावला. "मॅग्नेशियम कमी पडलंय, क्लॅरी."

"तुला काय ठाऊक?"

"माझ्या टोमॅटोंना असंच झालेलं. मी एप्सम मीठ घातलं. मॅग्नेशियमचंच असतं ते."

"मग?"

"मेले."

तरी मी त्याच्याकडचं मीठ आणून दोन मुठी टाकलं. झाडानं मान टाकली. खायला द्यावं तर करपतं, औषध द्यावं तर लोळतं. मला काही सुधरेना.

शेवटी ग्लेनिसनं दोघांना कुंडीपुढे उभं केलं. "काय काय घातलंत?"

"मीठ," मी म्हणालो.

"माशाचं खत," नेव्हिल म्हणाला. "कुंपणावरून. थोडंसंच."

"आणि मी नाताळापासून कोंबडीखत घालतेय. क्लॅरी, आणखी काही?"

मी सांगितलं.

तिनं खालचं एक पिवळं पान खुडून माझ्यापुढे धरलं. "अरे, खालची पानं म्हातारी झाली की पिवळी पडतात. तुझ्यासारखी. झाड उपाशी नव्हतं. आता त्याला अजीर्ण झालंय."

तिनं कुंडीतून भरपूर साधं पाणी वाहू दिलं आणि आम्हाला तिथून हाकललं. झाड सावरलं. मी लाजेनं घरातलाच संडास वापरू लागलो.

मे महिन्यात एका सकाळी तिनं मुरंब्याची बरणी स्वतः उघडली. माझ्याकडे न बघता. मग खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "लिंबोणी पिवळी पडलीये."

"म्हातारी झाली असेल."

"नाही. ही खरंच उपाशी आहे."

संध्याकाळी तिनं आपली खुर्ची भिंतीकडे वळवली. नेव्हिल कुंपणापलीकडे आभाळ बघत राहिला. मी लिंबोणीचं देणं फेडलं.